कोरकूतून मराठीकडे जाताना

धारणी आणि चिखलदरा या मेळघाटातल्या दोन तालुक्यांत, जिल्हा परिषदेच्या शाळांवर, माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. इथलं मूल घरी कोरकू बोलतं, आठवडी बाजारात हिंदी ऐकतं आणि शाळेत आलं की त्याच्या हातात मराठी पुस्तक पडतं. नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांशी बोलताना जे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, ते इथे मांडते आहे.

१. कोरकू ही मराठीची बोली नाही, हे आधी मनात पक्कं करावं.
वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारं मूल प्रमाण मराठी ऐकून निम्मंअधिक तरी समजून घेतं. कोरकू मुलाचं तसं नाही. त्याची भाषा मुंडा कुळातली. तिची भावंडं शोधायची तर झारखंडातल्या संथाळी-मुंडारीपर्यंत जावं लागतं. त्यामुळे ‘ऐकता ऐकता येईल हळूहळू’ हा आपला नेहमीचा दिलासा इथे कामाचा नाही. जूनमध्ये पहिलीत बसलेलं मूल दिवाळीपर्यंत तोंड उघडत नाही आणि त्याच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा पडतो. तेच मूल मधल्या सुट्टीत आंब्याखाली दहा जणांचा खेळ चालवत असतं, भांडणं सोडवत असतं. आधी तिथे जाऊन त्याला ऐकावं.

२. वाचायला मूल एकदाच शिकतं. ते त्याच्या भाषेत शिकू द्यावं.
माझ्या वर्गात तिसरीतली एक मुलगी मराठीचा धडा घडाघडा वाचायची. जोडाक्षरंसुद्धा अडायची नाहीत. एकदा मी तिला म्हटलं, “आता पुस्तक मिट आणि काय झालं ते सांग.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी तोच प्रश्न कोरकूत विचारला. तरी उत्तर नाही, कारण मुळात अर्थ आतच गेला नव्हता. अक्षरांचे आवाज काढणं म्हणजे वाचन, अशी तिची समजूत झाली होती आणि तिचा त्यात काही दोष नव्हता.

नंतरच्या तुकड्यांना आम्ही पहिलीत घराच्या चित्राखाली ‘उरा’ लिहून दिलं, कुत्र्याच्या चित्राखाली ‘सिटा’. लिपी देवनागरीच, म्हणजे ‘उ’ आणि ‘रा’ एकदा ओळखले की ते मराठीतही चालतात. पण अक्षरं जुळून आपल्या ओळखीची वस्तू समोर उभी राहते, हा अनुभव मुलाला पहिल्याच आठवड्यात मिळतो. ज्याला तो मिळाला, ते मूल पुढे मराठी वाक्य वाचतानाही अर्थ शोधतं आणि तो सापडला नाही तर थांबून विचारतं. मी दोन्ही प्रकारची मुलं शिकवली आहेत. फरक चौथीत लख्ख दिसतो.

३. गणितात भाषा आडवी येते, बुद्धी नाही.
मिया, बारी, आफई, उफून, मोनोई... असं गेलपर्यंत, म्हणजे दहापर्यंत मुलं घरच्या मोजणीत येतात. जुनी माणसं त्यापुढे दहा आणि एक, दहा आणि दोन अशीच जोडत जातात. दशक-एकक त्यात आपोआप दिसतं. आपलं ‘एकोणतीस’ मात्र वीसच्या घरात असून नाव तीसचं सांगतं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची सोय आली, तेव्हा शहरांतून केवढा गदारोळ झाला! मला ती सोय मनापासून आवडली होती. मोहाच्या बिया मांडून दहाचे ढीग करायचे, बोलणं कोरकूत, लिहिणं अंकांत. मराठी संख्यानामं नंतर सावकाश पाठ होतात.

४. लाल शाई आवरावी.
कोरकूत मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. तिथे भेद सजीव-निर्जीवाचा. ‘माझा आई आला’ असं मूल लिहितं, तेव्हा ते निष्काळजीपणा करत नसतं. दगड ‘तो’ आणि वाट ‘ती’ का, याला कारण नाहीच, फक्त सराव आहे. तो सराव गाण्यांतून, खेळांतून, तोंडी करून घ्यावा. वही नंतर.

५. आई-बापांच्या शंकेला उत्तर द्यावं, भाषण नको.
शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हमखास कोणी तरी उठून म्हणतं, “मॅडम, कोरकू तर आम्ही घरीच शिकवतो. तुम्ही मराठी शिकवा.” हे म्हणणारा बाप भाषेचा वैरी नसतो. तहसीलमध्ये, दवाखान्यात, बँकेत भाषा येत नाही म्हणून त्याने अपमान गिळलेले असतात. मुलाला ते भोगावे लागू नयेत, एवढंच त्याला हवं असतं. अशा वेळी शिक्षणतज्ज्ञांची नावं सांगून उपयोग नाही. आम्ही मुलांना पुढे बोलावत असू. मूल आधी कोरकूत गोष्ट वाचे, मग तीच मराठीत सांगे. ती सांगताना मूल अडखळत नाही हे बापाला दिसलं की शंका बरीचशी विरते. सगळ्यांची विरत नाही. ऐपत नसताना पोराला दूरच्या इंग्रजी निवासी शाळेत धाडणारे पालक मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा राग येत नाही.

६. पुस्तकं गावात आहेत, ती उतरवून घ्यावीत.
कामावर गेलेली कुटुंबं होळीला गावी परततात. म्हातारी माणसं मोकळी असतात, गोष्टी भरपूर असतात. मुलांनी ऐकायच्या, शिक्षकाने उतरवायच्या, चित्रं मुलांची. लिहिताना अडचण येते. काही कोरकू शब्दांच्या शेवटी आवाज गळ्यातच थांबतो आणि मराठीच्या देवनागरीत त्याला चिन्ह नाही. दोन गावांचे उच्चारही जुळत नाहीत. आम्ही ज्या गावची गोष्ट, त्या गावचा उच्चार ठेवला. प्रमाणलेखनाचा वाद मिटेपर्यंत थांबलो असतो, तर एकही वही शिवून झाली नसती.

७. दोन महिने कोरकू आणि मग सगळं मराठी, याला द्विभाषिक शिक्षण म्हणू नये.
सध्या बहुतेक ठिकाणी हेच चालतं: चार शब्दांचा तक्ता भिंतीवर, एखादं गाणं, की झालं. मूल कोरकूत वाचायला लागण्याआधीच त्या भाषेची गरज संपल्याचं जाहीर होतं. ओडिशाने २००६च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत पहिलीपासून शिकवायला सुरुवात केली. इथे मराठी आणि कोरकू निदान पाचवीपर्यंत बरोबरीने चालाव्यात. २०२०चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा स्थानिक भाषेतून शिकवा म्हणतं. १९५६च्या सातव्या दुरुस्तीने संविधानात आलेलं कलम ३५०-अ तर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असं राज्यांना सांगतं. बेळगावच्या मराठी मुलांसाठी आपण याच हक्काने बोलतो. मग मेळघाटातल्या मुलाच्या बाबतीत आपला आवाज का खाली येतो, हे मला कळत नाही. कोरकूचीच बहीण संथाळी २००३मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गेली. कोरकू, गोंडी, भिली अजून बाहेर आहेत.

८. शिक्षक बदलून जातो, भाषा गावात राहते.
माझ्यासारखी बाहेरची बाई कोरकू शिकली, तरी बदलीचा आदेश आला की तिचा वर्ग पुन्हा नव्या माणसापुढे गप्प बसतो. डी.एड. झालेली कोरकू मुलं-मुली आज याच तालुक्यांत आहेत. त्यांच्यातली काही कंत्राटावर, काही शेतमजुरीवर. पहिली-दुसरीचे वर्ग त्यांच्याकडे द्यावेत, नेमणूक कायम असावी आणि आपल्याच भाषेतून वाचन कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण त्यांना मिळावं. कोरकू बोलता येणं वेगळं आणि कोरकूतून शिकवता येणं वेगळं. ते त्यांनाही शिकावं लागेल.