फिरत्या भांड्यातली मलई

प्रश्न : ठेवलेल्या दुधावर मलई यायला रात्र लागते, डेअरीत ती क्षणात निघते, आणि तीही कडेला न जाता मध्यभागी. असे का?

उत्तर : दुधातील स्निग्धांशाचे कण साधारण ३ मायक्रोमीटर व्यासाचे व भोवतालच्या द्रवापेक्षा हलके असल्यामुळे वर सरकतात खरे, परंतु स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार हा वेग व्यासाच्या वर्गाच्या व घनतेतील फरकाच्या सम प्रमाणात, तर श्यानतेच्या, म्हणजे द्रवाच्या अंतर्गत घर्षणाच्या, व्यस्त प्रमाणात असल्याने, सुट्या कणासाठी तो तासाला जेमतेम एखादा मिलिमीटर भरतो. ‘गोकुळ’सारख्या दूध संघांना लोणी-तुपासाठी इतके थांबणे परवडणारे नाही. मलई काढण्याच्या यंत्राचे भांडे मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर अक्षापासून १० सेंटिमीटरवर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ४,००० पट त्वरण निर्माण होते, त्यामुळे जड दूध कडेला रेटले जाते व हलके कण अक्षाकडे ढकलले जातात. फिरवले की सारेच बाहेर फेकले जाते, ही रूढ समजूत येथे अपुरी पडते. म्हशीच्या दुधातील कण गाईच्या दुधातील कणांहून सरासरीने मोठे असल्याने ते लवकर वेगळे होतात. दूध आधी कोमट करतात, ते मुख्यतः श्यानता घटावी म्हणून.