लग्नापर्यंत उतरेल

माझ्या लग्नाच्या ब्लाउजचं माप द्यायला मामी सोबत आली होती. टेलरकाकांनी छाती 38 म्हटली, तशी ती पटकन बोलली, "36च धरा ना भाऊ. लग्नाले अजून दीड महिना हाय, तवरिक उतरते पोरगी." घरी माझ्या पोळ्या मोजल्या जाऊ लागल्या, रात्रीचं जेवण बंद झालं. वैशाखातलं लग्न, वऱ्हाडातलं ऊन, अंगात करकचून बसलेलं रेशीम. मंगलाष्टकं चालू असतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली, काखेतली शिलाई उसवली. उकलून सैल करावं तर आत माया सोडलेलीच नव्हती. पाहुण्यांत चर्चा झाली 'पोरगी अशक्त आहे' अशी! साखरपुड्यात हीच मंडळी 'जाड' म्हणून गेली होती.

आता चांदूर बाजारात मीच शिवणकाम करते. एखादी आई हळूच 'दोन इंच कमी घ्या' म्हणते. मी आजचंच माप लिहिते, दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवते आणि पोरीला सांगते, घरी विचारलं तर टेलरबाईनं ऐकलं नाही म्हण.

ब्लाउज धुतल्यावर घट्ट झालं की बाया आधी स्वतःच्या दंडाकडे बघतात. पुष्कळदा आटलेलं असतं ते अस्तर. सुती अस्तर शिवायच्या आधी पाण्यातून काढायला सांगा, बरीच दुखणी तिथंच मिटतात.

रेडिमेडचं तर विचारू नका. अमरावतीहून आणलेला एक कुर्ता एलमध्ये बसतो, दुसऱ्याचा डबल एक्सएलही दंडात अडकतो. सगळ्या कंपन्या पाळतील असं एक माप आपल्याकडे नाही. भारतीय अंगाची मापं ठरवायला निफ्ट या फॅशन संस्थेनं 'इंडियासाइज' पाहणी हाती घेतली ती त्यासाठीच. 6 शहरांतल्या 15 ते 65 वयाच्या 25,000 जणांची मापं मशीननं घ्यायची, असा तो बेत. तुम्ही आपली छाती, कंबर, सीट, दंड इंचांत लिहून पर्समध्ये ठेवा. कुर्ता सपाट अंथरून काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा. छातीपेक्षा तीन-चार इंच जास्त भरला तर घ्या, लेबलावर काहीही असो.

वजनाची काळजी करायचीच तर तीही टेपनं करा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा. बाईची कंबर तिथं 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेली असेल तर साखर आणि बीपी तपासून घ्या. पण जेवण तोडू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायांपैकी 24 टक्के जादा वजनाच्या निघाल्या, रक्त कमी असलेल्या मात्र 57 टक्के. तेव्हा एकादशीच्या जोडीला आणखी उपास धरण्याआधी हिमोग्लोबिन बघा, थायरॉइडचंही डॉक्टरांना विचारा. मग सावकाश वजन उतरलं तर ब्लाउज घेऊन या. आत घ्यायला मला अर्धा तास पुरतो.