गोष्ट सांगणारी माणसे

मुलांनो, उर्दूत आपण 'कहानी' म्हणतो, मराठीत 'कहाणी' म्हणतात. उर्दूत 'किस्सा' आहे आणि मराठीतही 'किस्सा' आहे. 'हकीकत' हा शब्द दोन्ही भाषांत आहे. उर्दूत 'शाइर' आहे, तोच शब्द मराठीत 'शाहीर' झाला. मात्र दोघांच्या कामात थोडा फरक आहे. शाइर मुशायऱ्यात आपली गझल ऐकवतो. शाहीर हातात डफ घेऊन लोकांसमोर उभा राहतो आणि शूरवीरांची गोष्ट पोवाड्यातून सांगतो. भाषा वेगवेगळ्या असल्या तरी गोष्ट ऐकण्याची आवड सगळीकडे सारखीच असते, हे या शब्दांवरून तुमच्या लक्षात येईल.

आज आपण अशा काही माणसांची ओळख करून घेणार आहोत, की ज्यांनी गोष्ट सांगणे हेच आपले काम मानले.

पहिली ओळख तुमच्याच भाषेतली आहे. दिल्ली आणि लखनौ या शहरांत पूर्वी दास्तानगो असत. दास्तानगो म्हणजे दास्तान सांगणारा. अमीर हमजा यांच्या पराक्रमाच्या आणि जादूनगरीच्या कथा तो रात्र रात्र सांगत असे. त्याच्याजवळ पडदा नसे, वाद्ये नसत. आवाज, हातवारे आणि डोळे एवढ्यावरच तो ऐकणाऱ्यांना खिळवून ठेवी. या कथा पुढे लखनौचे मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने ४६ खंडांत छापल्या. 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा त्यांतलाच एक प्रसिद्ध भाग.

दिल्लीचे मीर बाकर अली हे जुन्या परंपरेतले शेवटचे नामवंत दास्तानगो. त्यांच्या उतारवयात काळ बदलला. लोक नाटके आणि सिनेमा यांच्याकडे वळू लागले. एवढ्या मोठ्या कलावंतावर पोटासाठी सुपारी विकण्याची वेळ आली. १९२८ साली ते वारले. त्यांच्यामागे त्यांच्यासारखी दास्तान सांगणारा कोणी उरला नाही. छापलेले खंड कपाटात राहिले, पण त्या कथा सांगायच्या कशा, हे शिकवणारा माणूस गेला. आवाज कोठे चढवावा, कोठे थांबावे, ऐकणारा कंटाळला तर काय करावे, हे पुस्तकात कोठे लिहिलेले असते? पुढे उर्दूचे थोर अभ्यासक शम्सुर्रहमान फारुकी यांनी या कथांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्या आधारावर २००५ साली दिल्लीत दास्तानगोई पुन्हा सुरू झाली. मधली ७७ वर्षे मात्र रिकामी गेली.

आता दिल्लीहून आपण कोकणात येऊ. आपल्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत कोकणातून आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. तुमच्या वर्गातही काही जणांचे गाव कोकणात असेल. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथे ठाकर समाजाची वस्ती आहे. या समाजाने 'चित्रकथी' ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे.

चित्रकथी म्हणजे काय? एका कथेसाठी कागदावर अनेक चित्रे काढलेली असतात. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला 'पोथी' म्हणतात. कथा सांगणारा जमिनीवर बसतो. एकेक चित्र समोर उभे करतो आणि त्यातला प्रसंग कधी गाऊन, कधी बोलून सांगतो. साथीदार वीणा, टाळ आणि हुडुक वाजवतात. हुडुक हे हातात धरून वाजवायचे लहान चर्मवाद्य आहे. प्रसंग संपला की चित्र बदलते आणि कथा पुढे सरकते. रामायण आणि महाभारत यांतील कथा कोकणातल्या देवळांमध्ये सणासुदीला अशा रीतीने सांगितल्या जात. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला होता. वाचता न येणारा शेतकरीही त्या कथा पाहून आणि ऐकून समजून घेत असे. ठाकर समाजातील कलावंत दोऱ्यांवर नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्यांचे आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळही करतात.

संस्थाने गेली. सिनेमा आला, मग दूरदर्शन आले. चित्रकथीचे प्रेक्षक कमी होऊ लागले. मीर बाकर अलींच्या दिल्लीत जे घडले, तेच पिंगुळीतही घडले असते. पण येथे परशुराम गंगावणे हे कलावंत पुढे आले. त्यांनी घरच्या जुन्या पोथ्या आणि बाहुल्या जपल्या. त्या लोकांना पाहता याव्यात म्हणून गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. 'ठाकर आदिवासी कला आंगण' असे त्याचे नाव. हे संग्रहालय २००६ साली सुरू झाले. विद्यार्थी आणि प्रवासी तेथे येतात, चित्रे पाहतात, बाहुल्या कशा हलवतात ते समजून घेतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गंगावणे यांनी ही कला आपल्या मुलांना शिकवली. २०२१ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरवले. गोठ्यात सुरू झालेल्या कामाचा सन्मान देशाने केला!

आता थोडे दूर जाऊ. ज्या १९२८ साली दिल्लीत मीर बाकर अली वारले, त्याच साली स्कॉटलंड देशात एका भटक्या कुटुंबात एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव डंकन विल्यमसन. घर म्हणजे समुद्राच्या खाडीकाठी उभारलेला एक तंबू. आईवडिलांना लिहितावाचता येत नव्हते. पण त्यांच्याजवळ गोष्टींचा मोठा साठा होता. रात्री शेकोटीभोवती त्या गोष्टी सांगितल्या जात. डंकन मोठा झाल्यावर गावोगाव फिरून शेतमजुरीची आणि इतर कष्टाची कामे करू लागला. जेथे जाई, तेथे तो लोकांकडून गोष्टी ऐके आणि लक्षात ठेवी. असा हा मजूर पुढे शाळाशाळांतून मुलांना गोष्टी सांगू लागला. त्यांच्या पत्नीने त्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून लिहून काढल्या आणि त्यांची पुस्तके झाली. २००७ साली विल्यमसन वारले, पण त्यांच्या गोष्टी मागे राहिल्या. त्यांची एक चांगली सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. गोष्ट सांगताना ती आपल्याला कोणाकडून मिळाली, हेही ते आवर्जून सांगत.

तुम्ही म्हणाल, "दिल्ली, पिंगुळी, स्कॉटलंड हे सगळे दूरचे झाले. आमच्या उपनगरात असे कोणी होते का?" होते तर! घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत अण्णाभाऊ साठे अनेक वर्षे राहत होते. त्यांचा जन्म १९२० साली सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे झाला. शाळेचे शिक्षण त्यांना जवळजवळ मिळालेच नाही. गावाहून मुंबईपर्यंत ते वडिलांबरोबर पायी आले. येथे त्यांनी हमाली केली, गिरणीत काम केले आणि स्वतःच्या प्रयत्नाने लिहायला-वाचायला शिकले. १९४४ साली त्यांनी शाहीर अमर शेख आणि शाहीर गवाणकर यांच्याबरोबर 'लाल बावटा कलापथक' स्थापन केले. हे शाहीर कामगारवस्त्यांत जात, डफ वाजवत आणि कष्टकरी माणसाची गोष्ट त्याच्याच भाषेत सांगत. अण्णाभाऊंनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ साली आलेली 'फकिरा' ही कादंबरी फार गाजली. तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला.

त्यांचे साथी अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. ते सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा बुलंद आवाज महाराष्ट्रभर घुमला. मराठी ही आपलीही भाषा आहे, हे त्यांना कोणाला पटवून द्यावे लागले नाही. ते गायला उभे राहत आणि लोक ऐकत.

मुलांनो, गोष्ट वाचणे आणि गोष्ट सांगणे यांत फरक आहे. पुस्तक तुमच्याकडे पाहत नाही. गोष्ट सांगणारा पाहतो. चांगला सांगणारा गोष्ट शब्दन्‌शब्द पाठ करत नाही. आधी काय घडले, मग काय घडले आणि शेवटी काय झाले, एवढा सांगाडा तो पक्का लक्षात ठेवतो. बाकीचे शब्द ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहून त्याला सुचतात. समोर लहान मुले असली, तर तो एखादे वाक्य पुन्हा पुन्हा आणतो, म्हणजे मुलेही त्याच्याबरोबर ते म्हणू लागतात. उत्सुकता वाढली, की तो क्षणभर थांबतो. ते थांबणेही गोष्टीचाच भाग असते.

दुसरी भाषा शिकणाऱ्याला याचा मोठा उपयोग होतो. आमच्या शाळेत एका वर्षी मी आठवीच्या वर्गाला सांगितले, "घरी ऐकलेली एक गोष्ट प्रत्येकाने मराठीत सांगायची." एका मुलीने आपल्या नानीची गोष्ट निवडली. नानी रत्नागिरीकडची. गोष्टीतला कोळी समुद्राकडे उसने मीठ मागायला जातो आणि समुद्र त्याला रोज 'उद्या ये' म्हणतो. सांगता सांगता ती मुलगी अडली. समुद्राचे पाणी मागे जाते, त्याला मराठीत काय म्हणतात, हे तिला आठवेना. ती म्हणाली, "सर, समुद्र घाबरून मागे गेला." वर्ग हसला, पण गोष्ट थांबली नाही. मग मी फळ्यावर दोन शब्द लिहिले : 'भरती' आणि 'ओहोटी'. उर्दूत आपण 'मद्द-ओ-जज्र' म्हणतो, तेच हे. ते दोन शब्द त्या वर्गाला पुन्हा कधी शिकवावे लागले नाहीत. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मुलीची नानी अल्लाला प्यारी झाली. सुट्टीनंतर ती मला म्हणाली, "सर, नानीने ती गोष्ट घरात फक्त मलाच सांगितली होती." मी तिला सांगितले, "आता ती चाळीस जणांना येते."

विचार करा. त्या मुलीने तेव्हा ती गोष्ट विचारली नसती, तर काय झाले असते?

आपल्या उपनगरातल्या एकेका इमारतीत मराठी, उर्दू, गुजराती, कोकणी, भोजपुरी, दखनी अशा कितीतरी बोली ऐकू येतात. प्रत्येक घरात गावाहून आणलेली एखादी गोष्ट आहे. ती सांगणारी माणसे म्हातारी होत आहेत. घरात टीव्ही चालू असतो, हातात मोबाइल असतो, म्हणून दादी गप्प बसते. तिला गोष्ट येत नाही, असे नाही. तिला कोणी विचारत नाही. मीर बाकर अलींना ऐकणारे उरले नाहीत, म्हणून त्यांची कला थांबली. पिंगुळीत शिकणारे मिळाले, म्हणून ती कला टिकली. सांगणारा जितका महत्त्वाचा, तितकाच ऐकणाराही महत्त्वाचा आहे.

म्हणून आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. म्हणा, "दादी, एक कहानी सुनाओ." ती नीट ऐका. उद्या तीच गोष्ट शेजारच्या मराठी मित्राला मराठीत सांगा. शब्द अडला तर त्यालाच विचारा. तो आनंदाने सांगेल. आणि सुरुवातीला एवढे मात्र जरूर सांगा, की ही गोष्ट मला माझ्या दादीने सांगितली आहे.

शब्दार्थ

पोवाडा – शूरवीरांच्या पराक्रमाचे गाणे
खिळवून ठेवणे – जागेवरून हलू न देणे, मन गुंतवून ठेवणे
उतारवय – म्हातारपण, बुढापा
परंपरा – पूर्वीपासून चालत आलेली रीत, रिवायत
आश्रय – आधार, सरपरस्ती
गोठा – गुरे बांधण्याची जागा
संग्रहालय – जुन्या वस्तू जपून ठेवण्याची जागा, अजायबघर
सांगाडा – हाडांचा साचा. येथे, गोष्टीचा मुख्य आराखडा
उसने – परत देण्याच्या बोलीवर घेतलेले, उधार
वडीलधारी माणसे – घरातील मोठी माणसे, बुजुर्ग

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दास्तानगो कोणाला म्हणतात?
(आ) चित्रकथीतील चित्रांच्या गठ्ठ्याला काय म्हणतात?
(इ) शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव काय होते?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) परशुराम गंगावणे यांनी चित्रकथीची कला कशी जपली?
(आ) चांगला गोष्ट सांगणारा कोणकोणत्या गोष्टी लक्षात ठेवतो?
(इ) 'आता ती चाळीस जणांना येते,' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ३. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून एक गोष्ट ऐका. ती वर्गात मराठीत सांगा. सर्वांच्या गोष्टी एका वहीत लिहून वर्गाचा गोष्टींचा संग्रह तयार करा. प्रत्येक गोष्टीखाली ती मूळ सांगणाऱ्याचे नाव व गाव लिहा.