स्टार्टर ट्रिप का होतो आणि वायरमनला केव्हा बोलवावे



मार्च लागला की उसाची पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. नेमकी त्याच दिवसांत "मोटार टिकत नाही, स्टार्टर ट्रिप मारतो" ही तक्रार वावरावावरांतून ऐकू येते. मग कोणी हिरवे बटन दाबून धरतो, कोणी त्यात काडी खुपसून ठेवतो, कोणी रिलेचा काटा पुढे सरकवतो, तर कोणी रिलेच काढून तारा थेट जोडतो. मोटार चालते, पाणी येते, आणि दोन दिवसांनी वाइंडिंग जळाल्याचा वास येतो. रिवाइंडिंग होऊन मोटार परत बसेपर्यंत ऊस तहानलेला. हे झाले पैशाचे नुकसान. अशा उघड्या पेटीशी ओल्या पायाने झोंबणाऱ्या माणसाचे काय होऊ शकते, ते वेगळे सांगायला नको.

ट्रिप होणे हा मुळात बिघाडच नव्हे. बिघाड दुसरीकडे असतो, स्टार्टर फक्त वर्दी देतो. थंड मुलखात, अमेरिकेसारख्या ठिकाणी, घर ऊबदार ठेवायला गॅसची भट्टी असते. ज्योत धरली नाही तर ती काही वेळा प्रयत्न करते, मग गॅस बंद करून स्वतःला कुलूप लावून घेते. तिथल्या लोकांनाही हेच सांगावे लागते की बटन पुन्हा पुन्हा दाबू नका, कारागीर बोलवा. आपल्या पेटीतला ओव्हरलोड रिले त्याच जातीचा राखणदार आहे.

रिलेच्या आत प्रत्येक फेजसाठी दोन धातूंची जोडलेली पट्टी असते. करंट वाढला की पट्टी तापते. एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि स्टार्टरच्या कॉइलचा पुरवठा तोडते. पट्टी थंड व्हायला काही मिनिटे लागतात. ट्रिप झाल्याबरोबर रिसेट दाबले आणि ते बसले नाही, तर बटन खराब झाले असे समजू नये.

करंट वाढण्याची कारणे बरीच. पंपात कचरा अडकतो, बेअरिंग घासते, व्होल्टेज उतरते. व्होल्टेज कमी झाले की तेवढेच पाणी उचलायला मोटार जास्त करंट ओढते. पण सर्वांत घातक कारण म्हणजे एक फेज जाणे. डी.पी.वरचा एखादा फ्यूज गेला किंवा खांबावरचा जंपर सुटला तरी चालू मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती ओढत राहते, आणि त्या दोन्हींत करंट साधारण पावणेदोन पट होतो. ५ हॉर्सपॉवरची मोटार पुऱ्या लोडवर साडेसात अँपियरच्या आसपास घेत असेल, तर अशा वेळी ती १३ च्या घरात जाते. मोटार थांबलेली असताना एक फेज नसेल तर ती फिरतच नाही, नुसती घुमते. घुमण्याचा आवाज आला की लाल बटन तत्काळ दाबावे. तेव्हाचा करंट नेहमीच्या कितीतरी पट असतो.

म्हणूनच सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात. तो मोटार चालू होऊ देत नाही म्हणून काहीजण त्याच्या तारा बायपास करतात. राखणदार भुंकतो म्हणून त्यालाच हाकलण्यासारखे झाले. डी.पी.वर काम झाल्यानंतर फेजचा क्रम उलटला, तरी काही प्रिव्हेंटर मोटार अडवतात. अशा वेळी आधी शेजारच्या मोटारी चालतात का ते विचारावे. सगळ्यांचीच अडचण असेल तर दुरुस्ती डी.पी.वरच व्हायला हवी.

आता रिसेट किती वेळा करावे? एकदा. मेन स्विच पाडावा, दहा मिनिटे थांबावे, पुरवठा आल्यावर तिन्ही फेजचे दिवे सारखे लागतात का व व्होल्टमीटर काय दाखवतो ते पाहावे, मग एकदाच चालू करावे. दुसऱ्यांदा ट्रिप झाला की हात आवरावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. जळका वास, पेटीवर काळे डाग, फ्यूज उडणे, किंवा पेटीला अथवा पाइपला हात लावताच झिणझिणी, यांपैकी काहीही असेल तर एकदाही रिसेट करू नये. रिलेचा काटा मोटारीच्या पाटीवरील अँपियरप्रमाणे वायरमननेच लावावा. रिलेवर हात आणि ऑटो अशी निवड असेल, तर ती हातावरच ठेवावी.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात तापलेल्या लोखंडी पेटीतला रिले लवकर ट्रिप होऊ शकतो. त्यावर उपाय पेटीवर सावली करणे, काटा वाढवणे नव्हे. मोटारही तेवढीच तापलेली असते.

रिलेच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीही ध्यानात असाव्यात. विहिरीचे पाणी तळाला गेले आणि पंप कोरडा चालला, तर करंट वाढत नाही, उलट उतरतो. रिले गप्प राहतो आणि पंप तापून खराब होतो. त्यासाठी ड्राय रन संरक्षण वेगळे लागते. शॉकपासूनही ओव्हरलोड रिले वाचवत नाही. तिथे चांगले अर्थिंग आणि गळतीवर तुटणारा ब्रेकरच कामाचा.

ऑटो स्विच काढून टाका, असे महावितरण वेळोवेळी सांगत आले आहे. लाइन येताच एका डी.पी.वरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, त्यांचा सुरुवातीचा ओढा कित्येक पट असतो, आणि डी.पी. जळाला तर सगळ्या शिवाराचे ओलीत थांबते.

सौर पंप असेल तर कंट्रोलरवर बिघाडाचा संकेत दिसतो. तो लिहून ठेवावा व पुरवठादार कंपनीला कळवावा. कंट्रोलर स्वतः उघडू नये. ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारांत वीज असते, ती कुठल्या डी.पी.वरून बंद होत नाही.

मीटरनंतरचे काम वायरमनचे, मीटरपर्यंतचे महावितरणचे. डी.पी.वर कोणीही चढू नये. खालचा स्विच पाडला तरी वर ११ हजार व्होल्ट असतात. तक्रार १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ वर नोंदवावी, ग्राहक क्रमांक जवळ ठेवावा.

वायरमन आल्यावर त्याला चार गोष्टी नीट सांगाव्यात: मोटार किती वेळ चालून बंद पडते, त्या वेळी व्होल्टेज किती होते, आवाज बदलला का, आणि शेजारची मोटार त्या वेळी चालू होती का. त्याने तिन्ही तारांवर मीटर लावून करंट मोजला की आकडे पेटीच्या आतल्या बाजूला खडूने लिहून घ्यावेत. पुढच्या खेपेला ते उपयोगी पडतात.