छोटा ट्रॅक्टर : बळ इंजिनाचे की वजनाचे?

पुण्याहून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या हमरस्त्यावर पारनेर तालुक्यात सुपा हे गाव लागते. आज ते औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जात असले, तरी वसाहतीच्या कुंपणापलीकडे शेतीच आहे. हा सगळा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी, आणि तोही बेभरवशाचा. माळावर मुरमाड, उथळ जमीन. ओढ्याकाठी काळी, चिकट जमीन. बाजरी, मूग, ज्वारी, कांदा आणि पाण्याची सोय असेल तेथे डाळिंब, अशी पिके.

अशा ठिकाणी पाच एकर जमीन असलेले एक कुटुंब आपण डोळ्यांसमोर आणू. घरचे बैल म्हातारे झाले आहेत आणि छोटा ट्रॅक्टर घेण्याचा विचार चालू आहे. पैसा कर्जाचा आहे. निवड चुकली तर ट्रॅक्टर गोठ्यात उभा राहील आणि हप्ते मात्र चालू राहतील. चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न हमखास येतो, "किती अश्वशक्तीचा हवा?" प्रश्न योग्य आहे, पण तेवढ्या एकाच आकड्यावर ट्रॅक्टर निवडता येतो का? नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानाची मदत घेऊन याचे उत्तर शोधू या.

अश्वशक्ती म्हणजे काय?

७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात १ मीटर उंच उचलण्यासाठी जी शक्ती लागते, तिला एक अश्वशक्ती म्हणतात. वॅटमध्ये सांगायचे तर ती सुमारे ७३५ वॅट भरते. (वाफेच्या इंजिनात सुधारणा करणाऱ्या जेम्स वॉटच्या ब्रिटिश मापात ती ७४६ वॅट येते, फरक किरकोळ आहे.) या व्याख्येत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत : बल आणि वेग. थोडे बल आणि जास्त वेग, किंवा जास्त बल आणि थोडा वेग, यांचा गुणाकार सारखाच येऊ शकतो. म्हणून नुसती अश्वशक्ती कळल्याने यंत्र किती जोराने ओढेल हे कळत नाही.

बैलांचेच पाहा. बैल आपल्या वजनाच्या सुमारे एकदशांश इतका ओढा बराच वेळ टिकवू शकतो. ४०० किलोग्रॅमचे चार बैल जुंपले, तर ओढ १६० किलोग्रॅम-भार मिळेल. ते ताशी अडीच किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.७ मीटर चालतात. १६० × ०.७ = ११२; त्याला ७५ ने भागले की दीड अश्वशक्ती! काळ्या जमिनीत लोखंडी नांगराला पूर्वी चार, सहा, कधी आठ बैल का जुंपीत, ते यावरून ध्यानात येईल. नांगराला हवी होती ती ओढ, आणि ओढीसाठी जमिनीवर घट्ट रोवलेले जास्त पाय हवे होते.

नांगराला किती ओढ लागते?

नांगराचा फाळ मातीचा एक पट्टा कापीत जातो. पट्ट्याची रुंदी आणि खोली यांच्या गुणाकाराला मातीच्या विरोधाने गुणले की ओढ मिळते. वाफशावर असलेल्या मध्यम जमिनीचा विरोध दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम-भार धरू. फाळ २५ सेंटिमीटर रुंद आणि नांगरट १५ सेंटिमीटर खोल असेल, तर

२५ × १५ × ०.५ = १८७.५, म्हणजे सुमारे १९० किलोग्रॅम-भार.

ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.१ मीटर चालला, तर १९० × १.१ ÷ ७५ = २.८ अश्वशक्ती. गिअर, चाकांची घसरण आणि मातीतून चाके लोटणे यांत बरीच शक्ती वाया जाते. इंजिनाची निम्म्याहून थोडी अधिकच शक्ती नांगरापर्यंत पोहोचते असे धरले, तरी ५ अश्वशक्तीचे इंजिन या कामाला पुरेसे आहे. मग १५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर ओल्या काळ्या रानात एकाच जागी चाके फिरवीत का बसतो?

ओढ वजनातून येते

चाक जमिनीला मागे रेटते आणि जमीन चाकाला पुढे रेटते, हा न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शिकला आहात. पण जमीन किती रेटा देऊ शकेल याला मर्यादा आहे. चाकांवर पडणारे वजन आणि जमिनीची पकड यांच्या गुणाकाराहून जास्त ओढ कोणत्याही इंजिनाला काढता येत नाही.

आपला छोटा ट्रॅक्टर ८०० किलोग्रॅम वजनाचा आहे असे समजा. त्यापैकी सुमारे ६० टक्के, म्हणजे ४८० किलोग्रॅम वजन मागच्या, फिरत्या चाकांवर आहे. वाफशावरच्या रानात पकड ०.५ धरली तर ओढ २४० किलोग्रॅम-भार मिळेल. नांगराला १९० हवी, काम होईल. त्याच रानात चिखल असताना पकड ०.३ वर आली तर ओढ फक्त १४४ उरते. नांगर अडेल, चाके फिरतील आणि डिझेल जळत राहील. इंजिन १५ ऐवजी २० अश्वशक्तीचे बसविले तरी चाके अधिक जोराने फिरतील, एवढेच.

उपाय कोणते? पहिला, वाफसा येण्याची वाट पाहणे. 'घात आल्याशिवाय रानात पाऊल घालू नये' असे आपले शेतकरी सांगतात, त्यामागे मातीची पोत सांभाळण्याइतकाच पकडीचाही विचार आहे. दुसरा, चारही चाके इंजिनाने फिरणारा ट्रॅक्टर घेणे. मग सगळे ८०० किलोग्रॅम कामी येतात आणि चिखलातही ८०० × ०.३ = २४० किलोग्रॅम-भार ओढ मिळते. तिसरा, मागच्या चाकांना लोखंडी वजने लावणे किंवा टायरमध्ये पाणी भरणे. मात्र अनावश्यक वजन माती दाबून टाकते, आणि दबलेल्या मातीत पाणी व मुळे शिरत नाहीत. म्हणून काम संपले की वजने उतरवावीत.

चौथा उपाय ट्रॅक्टरच्या रचनेतच असतो. कुळव मातीत नीट रुतावा म्हणून आपल्याकडे त्याच्यावर दगड ठेवतात किंवा माणूस उभा राहतो. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन या संशोधकाने अवजार ट्रॅक्टरला तीन बिंदूंनी जोडण्याची आणि तेलाच्या दाबाने ते उचलण्याची पद्धत विकसित केली. १९३९ साली ती हेन्री फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. या जोडणीत अवजाराचे वजन आणि त्याला खाली खेचणारा मातीचा जोर यांचा काही भाग मागच्या चाकांवर येतो. म्हणजे नांगरच ट्रॅक्टरची पकड वाढवितो. त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही बरीच ओढ काढता येऊ लागली. आज जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे ही त्रिकोणी जोडणी तुम्हाला दिसेल.

दोन प्रकारची कामे

ट्रॅक्टरची सगळीच कामे ओढण्याची नसतात. फवारणी यंत्र, गवत कापणारे यंत्र आणि रोटाव्हेटर यांना ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याकडून, म्हणजे पीटीओकडून शक्ती मिळते. ही शक्ती चाकांच्या पकडीवर अवलंबून नसते. येथे अश्वशक्तीचा आकडा खरा उपयोगी पडतो.

अमेरिका व कॅनडाच्या थंड भागात घराभोवती एक-दोन एकर जागा असलेली कुटुंबे 'गार्डन ट्रॅक्टर' नावाचे लहान यंत्र ठेवतात. उन्हाळ्यात त्याने हिरवळ कापायची आणि हिवाळ्यात पुढे पाते लावून वाटेवरचे बर्फ लोटायचे. गवत कापताना यंत्र हलके हवे, नाहीतर हिरवळीवर चाकोऱ्या उमटतात. बर्फ लोटताना मात्र तेच यंत्र घसरू लागते. मग मागे वजने लावावी लागतात आणि चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. सुप्याच्या रानात बर्फाऐवजी चिखल आहे आणि हिरवळीऐवजी डाळिंबाची बाग. नियम तोच.

डाळिंबाच्या दोन ओळींत साधारणपणे ४.५ मीटर अंतर ठेवतात. झाडांचा पसारा दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर आला, तर मधे वाट उरते १.५ मीटर. सुमारे १.१ मीटर रुंदीचा छोटा ट्रॅक्टर तीतून जाईल, १.८ मीटर रुंदीचा मोठा ट्रॅक्टर फांद्या आणि फळे मोडीत जाईल. म्हणून बाग असेल तर आधी टेप घेऊन ओळी मोजाव्यात.

वेळेचे गणित

पेरणीची घात कोरडवाहू भागात दोन-चार दिवसच टिकते. तेवढ्यात काम उरकेल का? १.२ मीटर रुंदीचे अवजार ताशी ४ किलोमीटर चालले, तर तासाला ४,८०० चौरस मीटर रान होते. वळण्यात पाव वेळ गेला असे धरून ३,६०० चौरस मीटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. पाच एकरांना साडेपाच ते सहा तास लागतील. एका दिवसात कुळवणी, दुसऱ्या दिवशी पेरणी! दुप्पट रुंद अवजाराचा मोठा ट्रॅक्टर हे काम तीन तासांत करील, पण वाचलेल्या तीन तासांसाठी पाच एकरांच्या धन्याने जादा कर्ज का काढावे?

उन्हाळी खोल नांगरटीचे गणित मात्र उलटे आहे. उन्हाने कडक झालेल्या काळ्या जमिनीचा विरोध दुप्पट धरला आणि ३० सेंटिमीटर रुंदीने २५ सेंटिमीटर खोल जायचे ठरविले, तर ३० × २५ × १ = ७५० किलोग्रॅम-भार ओढ लागेल. आपल्या छोट्या ट्रॅक्टरला ती झेपणार नाही. वर्षातून एकदाच येणाऱ्या या कामासाठी मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणणेच शहाणपणाचे.

खर्चालाही हाच न्याय लागतो. समजा, हप्ता, विमा आणि घसारा मिळून वर्षाला ६०,००० रुपये लागतात. ट्रॅक्टर १०० तास चालला तर तासाला ६०० रुपये पडतील. ४०० तास चालला तर १५०. यात डिझेल वेगळे. वर्षाचे तास मोजल्याशिवाय ट्रॅक्टर स्वस्त की महाग हे सांगता येत नाही. तास कमीच भरत असतील, तर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक ट्रॅक्टर घेण्याचाही विचार करावा.

आकडे कोणाचे मानावेत?

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने विकत घेतलेले ट्रॅक्टर जाहिरातीप्रमाणे चालेनात. पुढे तो राज्याच्या विधिमंडळात गेला, आणि १९१९ साली तेथे ट्रॅक्टरची चाचणी सक्तीची करणारा कायदा झाला. आपल्या देशात मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरच्या चाचण्या घेते. चाचणी-अहवालात पीटीओवरची शक्ती, ओढ, वजन आणि डिझेलचा खप दिलेला असतो. विक्रेत्याकडे हा अहवाल मागून वाचावा. शंका असल्यास याच जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात विचारावे.

जिवाचे गणित

छोटा ट्रॅक्टर अरुंद असल्याने उतारावर कलंडण्याचा धोका अधिक. चाकांमधील अंतराचा निम्मा भाग ०.४ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.६ मीटर असेल, तर ०.४ ÷ ०.६ = ०.६७. ही ज्याची 'टॅन' किंमत तो कोन सुमारे ३४ अंश. पण हा आकडा उभ्या ट्रॅक्टरचा झाला. चालताना एक चाक दगडावर चढले किंवा वळण वेगात घेतले, तर याहून पुष्कळ कमी उतारावरही तो उलटेल. बांधाच्या कडेने हळू जावे आणि ओढायची वस्तू नेहमी खालच्या हुकालाच अडकवावी. वर बांधली तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० वेळा, म्हणजे सेकंदाला ९ वेळा फिरतो. ४ सेंटिमीटर जाडीच्या दांड्याभोवती एका सेकंदात मीटरभराहून अधिक कापड गुंडाळले जाते. सुटायला वेळच मिळत नाही. धोतर, पदर, ओढणी, उपरणे यांपैकी काहीही त्याच्याजवळ नको. दांड्यावरचे संरक्षक आवरण काढून ठेवलेला ट्रॅक्टर कितीही स्वस्त मिळाला, तरी आवरण बसवल्याखेरीज चालवू नये.

करून पाहा

१. ट्रॅक्टर चालविणाऱ्या मोठ्या माणसाच्या मदतीने मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार वर उचललेले असताना चाकाच्या १० फेऱ्यांत ट्रॅक्टर किती मीटर जातो ते मोजा. मग नांगरताना पुन्हा १० फेऱ्यांचे अंतर मोजा. समजा, ते ३० आणि २६ मीटर आले. घसरण = (३० − २६) ÷ ३० × १००, म्हणजे सुमारे १३ टक्के. मऊ रानात १५ टक्क्यांपर्यंतची घसरण चालते. त्याहून फार जास्त असेल, तर वजन कमी आहे, नांगर फार खोल गेला आहे किंवा वाफसा आलेला नाही. मोजणाऱ्यांनी ट्रॅक्टरपासून दूर, एका बाजूलाच उभे राहावे.

२. एक वीट ताणकाट्याने कोरड्या मातीवर, वाळूवर आणि चिखलावर ओढा. विटेवर दुसरी वीट ठेवून पुन्हा ओढा. कोणता आकडा कशाने बदलला, ते वहीत लिहा.

३. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या शेताची पिके, ओळींतील अंतर, उतार आणि वर्षाचे कामाचे तास यांची यादी करा. त्या शेताला ट्रॅक्टर विकत घेणे परवडेल की भाड्याने आणणे, ते गणिताने ठरवा आणि वर्गात मांडा.