परत आलेल्या ईमेलवरचा शेरा

प्रश्न : आमच्या ऑफिसातून पाठवलेले ईमेल आठवडाभर परत येताहेत, पण फक्त जीमेलच्या पत्त्यांवरून. बाकीच्यांना नीट पोचतात. मेल सर्व्हर ऑफिसातच आहे. नुकतंच इंटरनेट कनेक्शन बदललं, त्याचा संबंध असेल का?

उत्तर : बहुतेक तेच कारण. पण आधी परत आलेला मेल वाचा. पोस्टाचं पत्र परत आलं की पाकिटावर पोस्टमनचा शेरा असतो. तसाच शेरा ‘मेलर-डेमन’च्या त्या निरोपात असतो. इंग्रजी मजकूर दिसला की लोक तो पुसून टाकतात, आणि उत्तर त्याच्याबरोबर जातं.

त्यातला तीन आकडी कोड शोधा. 4 ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती. सर्व्हर स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. 5 म्हणजे साफ नकार. 550 पुढे 5.1.1 असेल तर पत्ताच चुकलाय. तुमच्याकडे मात्र 5.7.26 असावा, म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही. त्याखाली ‘एसपीएफ’ असं लिहून एक आयपी नंबर आणि ‘डिड नॉट पास’ असा शेरा दिसेल. तो नंबर तुमच्या नव्या कनेक्शनचा आहे का, ते पाहा.

ईमेलची मूळ नियमावली जॉन पोस्टेल यांनी 1982 साली लिहिली. तिच्यात पाठवणाऱ्याची खातरजमा नव्हती. कुणीही कुणाच्याही नावानं पत्र टाकावं. ती उणीव भरायला एसपीएफ आलं. आपल्या नावानं मेल कुठून निघू शकतो, त्या नंबरांची यादी डोमेनच्या डीएनएसमध्ये ठेवायची. तुमच्या यादीत अजून जुनाच नंबर असणार. सगळे सर्व्हर सारखे कडक नसतात, म्हणून बाकीच्यांना मेल पोचतात. जीमेलनं फेब्रुवारी 2024 पासून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) सगळ्यांनाच सक्तीचं केलं. ही सक्ती मला योग्य वाटते. तुमच्या नावानं खोटी बिलं पाठवणाऱ्यालाही तीच अडवते.

नवा नंबर जुन्याच नोंदीत घाला. घाईत लोक एसपीएफची दुसरी ओळ जोडतात. दोन नोंदी झाल्या की तपासणीच फसते. नव्या नंबराला पीटीआर नोंद, म्हणजे नंबरावरून नाव सांगणारी नोंदही लागते; ती डोमेनवाल्याकडे मिळणार नाही. ती इंटरनेट कंपनीकडूनच करून घ्या, आणि स्थिर आयपी मागा.

मग स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा आणि ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफपुढे ‘पास’ दिसलं की परत आलेले मेल पुन्हा धाडा. 5 चा नकार मिळालेलं पत्र सर्व्हर आपणहून पुन्हा पाठवत नाही.