क्लाउड साठवण : घरच्या दप्तराची दुसरी प्रत

‘क्लाउड’ म्हणजे ढग. परंतु या ढगात ठेवलेली माहिती काही अधांतरी नसते. ती कोणत्या तरी गावच्या एका इमारतीत, अहोरात्र विजेवर चालणाऱ्या संगणकांत साठविलेली असते आणि इंटरनेटद्वारा आपण तेथपर्यंत पोचतो. जागा दुसऱ्याची, यंत्रे दुसऱ्याची, माहिती मात्र आपली, असा हा व्यवहार आहे. त्याचे लाभ आणि धोके दोन्ही यातूनच निघतात.

महत्त्वाच्या कागदाची प्रत एकाच जागी अडकून राहू नये, हा विचार गोव्याला नवा नाही. पोर्तुगीज अमलात गोवा व लिस्बन यांमधील पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर चालणाऱ्या जहाजांतून होई. जहाज बुडण्याची धास्ती कायमचीच. म्हणून एकाच पत्राच्या अनेक प्रती करून त्या निरनिराळ्या जहाजांतून धाडण्याचा प्रघात होता. एक प्रत समुद्राने गिळली, तरी दुसरी पोचावी.

आपल्या घरांत मात्र इतकी सावधगिरी क्वचित दिसते. पेडणे-डिचोलीकडे जमिनीचे कागद, पोर्तुगीज भाषेतील खरेदीखते, लग्नातले फोटो आणि मुलांच्या गुणपत्रिका पुष्कळदा एकाच पत्र्याच्या पेटीत असतात. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील घरांत पाणी शिरले. अशा वेळी माणसे जीव घेऊन बाहेर पडतात. पेटी मागे राहते. पुरातून वाचली, तर वाळवी आहेच! फोनचीही गत निराळी नाही. कागदाचे चित्र क्लाउडवर असेल तर पेटी भिजली तरी मजकूर उरतो, आणि पणजीला किंवा बेळगावला शिकणाऱ्या मुलाला तो बसल्या जागी पाहता येतो.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जुळते ठेवणे, म्हणजे ‘सिंक’, आणि राखीव प्रत, म्हणजे ‘बॅकअप’, या दोन भिन्न गोष्टी होत. जुळत्या व्यवस्थेत फोनवरचा फोटो चुकून पुसला की क्लाउडवरचाही पुसला जातो. काही दिवस तो कचरापेटीत राहतो, पुढे तोही नाही. राखीव प्रत अशा चुकीपासून अलिप्त हवी.

शिवाय ढगालाही आग लागते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक माहिती-केंद्र जळाले. ज्यांची मूळ माहिती व राखीव प्रत एकाच आवारात होती, अशा काही ग्राहकांनी दोन्ही गमावल्या. म्हणूनच जाणकार तीन प्रती सांगतात : दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी.

पेटी फेकून द्यावी, असा मात्र याचा अर्थ नव्हे. केंद्र सरकारच्या डिजिलॉकरमध्ये दाखला देणाऱ्या संस्थेकडून थेट आलेली प्रत २०१७ च्या नियमांनुसार मुळाच्या बरोबरीची मानली जाते. आपण स्वतः काढून चढविलेल्या चित्राला तो मान नाही.

उरतो प्रश्न किल्लीचा. गोव्यातील त्या मोसमी पत्रव्यवहाराचे ६२ ग्रंथ अठराव्या शतकात लिस्बनला नेण्यात आले. पुढे गोव्याच्या अभ्यासकाला त्यांसाठी लिस्बनकडे पाहावे लागले. कागद सुरक्षित राहिले खरे, पण हाताबाहेर गेले. आजही दप्तर ज्याच्या जागेत, नियम त्याचे. गूगलच्या वैयक्तिक खात्यात १५ गिगाबाइट जागा विनामूल्य मिळते. तथापि दोन वर्षे न वापरलेले खाते कंपनी काढून टाकू शकते. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या पश्चात तिचे खाते कोणी उघडायचे, हे पुष्कळ घरांत ठरलेलेच नसते. ठरावीक काळ खाते वापरात नसल्यास माहिती कोणाच्या हाती द्यावी, हे आधी नोंदवून ठेवण्याची सोय गूगलने केलेली आहे. खातेदार हयात असतानाच ती वापरता येते.